सव्वादोन फुटांचा बेंचोबा

“सव्वादोन फूट,” मोठे साहेब म्हणाले. त्यांच्या टेबलावर दोन लेव्हल-बुकं शेजारी शेजारी उघडी होती, एक माझं आणि एक छोट्या साहेबांचं. “एखादा इंच असता तर मी तोंड उघडलं नसतं. हे सव्वादोन फूट कुठून आले, ते मला सांग.”

मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?

ही गोष्ट अकोल्याची. आगगाडी अकोल्याहून बडनेऱ्याकडे, म्हणजे अमरावतीच्या बाजूला न्यायची होती. अमेरिकेत लढाई पेटलेली, तिकडचा कापूस बंद, आणि विलायतेच्या गिरण्यांची सगळी नजर आमच्या वऱ्हाडावर. अमरावतीचा कापूस बैलगाडीने खामगावला पोचेपर्यंत धुळीने माखून जायचा. म्हणून रूळ टाका, लवकर टाका, असा वरून रोज तगादा. मजूर मिळेनात, गाड्या मिळेनात, जो तो कापसाच्या मागे. अशा घाईत कोणाची चूक निघाली की त्याची धडगत नसे.

माझं काम लेव्हलरचं. रूळ टाकायच्या आधी जमिनीचा चढउतार मोजावा लागतो. तिपाईवर दुर्बीण बसवायची, ती पाण्याच्या बुडबुड्याने अगदी आडवी करायची आणि समोर खलाशाने, म्हणजे मोजणीच्या गड्याने, उभ्या धरलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. त्या पट्टीला स्टाफ म्हणतात. दोन जागी स्टाफ वाचला की कोणती जागा किती उंच ते कळतं. त्यावरून कुठे भराव घालायचा, पूल किती उंच बांधायचा, ते ठरतं. हिशेब शाळकरी आहे. खोड एवढीच, की मागचा आकडा चुकला की पुढचे सगळे चुकतात.

म्हणून दर दोन-तीन मैलांवर एक पक्की खूण करून ठेवतात आणि तिची उंची बुकात लिहितात. दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या वर्षी तिथूनच पुढे मोजायचं. या खुणेला बेंचमार्क म्हणतात. पुण्याला शिकत असताना या शब्दाने मला फार छळलं. बेंच म्हणजे बाक, हे शाळेत शिकलो होतो. मग रानातल्या दगडावर बाक कुठून आलं? मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, “परीक्षेत येणार नाही.” खरा अर्थ मला सांगितला तो कामावर, साहेबांबरोबर केस पिकलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाने. त्याने दगडात आडवी कोरलेली खाच दाखवली. पिशवीतून एक लोखंडी कोन काढला, त्याची एक बाजू खाचेत सरकवली, आणि बाहेर राहिलेल्या फळीवर स्टाफ उभा केला. “हा बेंच,” तो म्हणाला. “यावर पट्टी बसते. आणि ही खाच म्हणजे त्याची खूण.” संपलं. लोखंड काढून घेतलं की मागे उरतो तो बेंचचा मार्क. त्याच्याखाली बाणासारख्या तीन रेघा कोरतात, टोक वर खाचेला टेकलेलं, म्हणजे पुढच्या माणसाला ओळखता यावं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी पुण्यात दोन वर्षं डोकं खाजवलं होतं.

तर, उन्हाळ्यात मी अकोल्याहून निघून मूर्तिजापूरच्या दिशेने मोजत गेलो आणि सात बेंचमार्क करून ठेवले. पावसाळ्यात काम बंद. हिवाळ्यात छोटे साहेब माझ्या सात नंबरपासून पुढे मोजत बडनेऱ्याला पोचले. तिथे दुसऱ्या बाजूने आलेल्या टोळीची एक खूण आधीच होती. दोन्ही आकडे जुळायला हवे होते. छोट्या साहेबांचा सव्वादोन फूट कमी निघाला.

छोटे साहेब विलायतेहून नुकते आलेले, चोवीस-पंचवीसचे, उन्हाने नाक सोललेले, पण कामाला पक्के. ते बडनेऱ्याहून सात नंबरपर्यंत परत मोजत आले. आकडा तोच. म्हणजे सात नंबरच्या पुढे चूक नाही. मग ती मागे असणार, आणि मागचं सगळं माझं होतं.

“हे काम पुन्हा करायचं तर दोन महिने जातील,” मोठे साहेब म्हणाले. “माझ्याकडे दोन महिने नाहीत. आणि ज्याला सव्वादोन फुटांची चूक कळत नाही, त्याच्या हातात मी दुर्बीण ठेवू शकत नाही. सोमवारपासून तू साखळी धरायची.”

साखळी म्हणजे जमिनीची लांबी मोजायची लोखंडी साखळी. ती ओढायला अक्षरओळखही लागत नाही. बाळापूरहून पुण्याला जाऊन, लोकांच्या पडवीत झोपून मी जी विद्या शिकलो, ती सोमवारी संपणार होती. आणि त्या ऑफिसात दुर्बीण हाताळणारा नेटिव्ह मी एकटाच. माझ्यानंतर दुसऱ्याला कोणी ती देणार नव्हतं.

“साहेब, मला दोन दिवस द्या,” मी म्हणालो. “मी सात नंबरला जाऊन पाहतो.”

“तू एकटा जाऊन काय करणार? आकडे जुळवून आणशील.”

हे मला झोंबलं. “मग छोट्या साहेबांना पाठवा. दुर्बिणीला मी हात लावणार नाही. त्यांनी वाचावं, त्यांनीच लिहावं.”

मोठ्या साहेबांनी छोट्या साहेबांकडे पाहिलं. छोट्या साहेबांनी खांदे उडवले आणि म्हणाले, “मलाही जाणून घ्यायचंय.” त्या एका वाक्यासाठी मी त्यांचं आजही भलं चिंततो.

साहेब घोड्यावर, मी आणि दोन खलाशी खामगावहून रिकाम्या परतणाऱ्या एका बैलगाडीत. भरलेल्या गाड्या सगळ्या समोरून येत होत्या, त्यांच्यासाठी आमची गाडी दर फर्लांगाला रस्ता सोडून वावरात उतरत होती. मी वाटभर माझं बुक चाळत होतो. एकेक बेरीज पुन्हा केली. चूक सापडली असती तर निदान जिवाला स्वस्थता आली असती.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, का ते पुढे कळेल. सात नंबरचा दगड मी गावाबाहेर गोदामाय नावाच्या म्हातारीच्या मळ्याच्या धुऱ्यावर पुरला होता. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. जागा पारखून घेतली होती. आमची काळी माती मोठी लबाड आहे, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर ठेवलेली वस्तू जागची हलते. म्हणून मी गोदामायच्या विहिरीजवळची जागा धरली होती, तिथे दीडेक हातावर पक्का मुरूम लागतो. मुरमापर्यंत खणून, तळाला चुना घालून, त्यावर चार फुटांचा काळा दगड उभा केला होता.

आम्ही पोचलो तर धुऱ्याजवळ ही गर्दी! एक नवा कोरा ओटा, घडीव दगडांचा. ओट्यावर शेंदूर फासलेला दगड. त्याला झेंडूची माळ, पुढे नारळाची शकलं, आणि बाजूला टोपलीत फुलं घेऊन खुद्द गोदामाय बसलेली.

“हाच सात नंबर,” छोटे साहेब म्हणाले. “तुम्ही बेंचमार्क लाल रंगवता ते मला आवडलं. लांबून दिसतो. फक्त खाचेतला रंग मला खरवडून काढावा लागला.”

“तो रंग नाही साहेब, शेंदूर आहे,” मी म्हणालो.

गोदामायने मला ओळखलं. “आला का रे बाप्पा! तूच ना थो, देव घेऊन आला होता उनायात? ये, बस. पाय पड.”

“माय, हा काहून देव?”

“काहून मंजे? तू गेला आन पीक काय आलं! भाव काय आला! माह्या जल्मात असा भाव पाह्यला नाई. गावानं मनलं, दगड आला आन लक्ष्मी आली. तुयेच मानसं मनत होते ना, बेंच, बेंच? मंग आमी नाव ठेवलं बेंचोबा.” मग तिने आवाज खाली आणला. “आन हा गोरा सायेब तं लय भक्त हाये बाप्पा. मांगं आला, टोपी काढली, मंग डोये मिटून किती वेळ वाकून पाहे.”

छोट्या साहेबांनी टोपी घाम पुसायला काढली होती, आणि दुर्बिणीतून पाहताना एक डोळा मिटावाच लागतो. हे मी तिला समजावत बसलो नाही. कारण तेवढ्यात मला दुसरंच काही दिसलं होतं.

मी दगडापुढे उभा होतो आणि खाच माझ्या कमरेशी होती. उन्हाळ्यात ती खाच कोरून घेताना मी जमिनीवर गुडघे टेकून बसलो होतो. पँटला गुडघ्यांवर चुना लागला म्हणून चडफडलोही होतो. ओटा बघून वाटतं की तो दगडाभोवती बांधलाय. पण ओटा भोवती बांधल्याने दगड वाढत नाही.

“माय,” मी म्हणालो, “हा दगड उचलला का कोनं?”

गोदामाय काही बोलणार, तोच मागून पाटील पुढे आले. मोठं पागोटं, गळ्यात नवी कंठी, चेहरा मात्र उतरलेला. “छे छे, बाबू! सरकारी दगडाले कोन हात लावते? होता तसाच हाये. आमी फक्त ओटा बांधला.”

“पाटील, खरं सांगा.”

“खरंच सांगून राह्यलो. तुमीच मने, हा दगड हालवला तं बेड्या पडतीन.”

हे मीच म्हणालो होतो, अगदी खरं. दगड पुरून निघताना सगळ्या गावाला दम भरला होता, की हा सरकारचा दगड आहे, हात लावाल तर खबरदार. तो दगड कशासाठी आहे, हे सांगायला मला वेळ झाला नव्हता. आता तोच दम माझ्या मुळावर आला होता. पाटील कबूल झाले नाहीत तर सोमवारी साखळी माझ्या हातात.

मी छोट्या साहेबांना सगळं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी दगडाकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या कमरेकडे पाहिलं. सोललेलं नाक आणखी लाल झालं. मी विचारलं, “या लोकांना काही शिक्षा होईल का?”

“मला लेव्हलचा रिपोर्ट लिहायचाय,” ते म्हणाले. “देवांचा नाही.”

मी पाटलांकडे वळलो आणि हे त्यांना मराठीत सांगितलं. वर सांगितलं, की बेंचोबा आहे तिथेच राहील, त्याला कोणी हात लावणार नाही. “मले फक्त मूळ जागा दाखवा. नाही दाखवली तं माही नोकरी जाते.”

पाटील पागोटं चाचपत राहिले. गोदामाय उठली. “काहून लपवता, पाटील? पोराच्या पोटावर पाय देता काय? दिवाईले उचलला रे बाप्पा. खाली गुरंढोरं अंग घासत, कुत्रे तंगडी वर करत. देव का असा ठेवतेत? आठ गडी लागले उचलाले. वाजतगाजत ओट्यावर बसवला. तुयी जागा इकळं हाये, ये.” ती ओट्यापासून चार पावलं चालली आणि वांग्याच्या वाफ्यात थांबली. “इथं. खड्डा बुजवला आन म्या वांगे लावले.”

पाटलांनी मान खाली घातली. “दंड करा बाबू, पन देव हालवू नोका.”

“देवाले कोन हालवते? खोदा,” मी म्हणालो.

दोन वांग्याची झाडं गेली. गोदामायने ती स्वतः उपटली आणि मुळांच्या मातीसकट दुसरीकडे लावली. खड्ड्याची माती भुसभुशीत होती, तासाभरात खलाशी खाली पोचले. कुदळ ठण्ण वाजली. मी आत उतरलो आणि हाताने माती बाजूला केली. खाली पांढराशुभ्र चुना, आणि त्यात माझ्या दगडाच्या बुडाचा चौकोनी ठसा, कडा अजून धारदार. खड्ड्यात उभा राहून मी डोळे पुसले, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. मी बुकात जरुरीपेक्षा जास्त लिहितो. सात नंबरपुढे मी उंचीचा आकडा लिहून थांबलो नव्हतो. “विहिरीच्या पूर्वेस, मुरमावर, तळाशी चुना, बुडापासून खाचेपर्यंत साडेतीन फूट,” असं सगळं लिहून ठेवलं होतं. ऑफिसातले हेडक्लार्क याला माझं रामायण म्हणत. आज त्या रामायणातली एक ओळ कामाला येणार होती. चुन्याची उंची मोजायची, तीत साडेतीन फूट मिळवायचे, की खाच मूळ कुठे होती ते कळणार.

छोटे साहेब घोड्यावरून दोन मैल मागे, सहा नंबरला गेले. तो मी शेजारच्या गावातल्या जुन्या विहिरीच्या दगडी पायरीवर कोरला होता. तिथून ते मोजत आले. मी दुर्बिणीपासून दहा हात लांब, दोन्ही हात पाठीमागे बांधून चालत होतो. आता सगळं गाव गोळा झालं होतं. स्टाफ आधी खड्ड्यातल्या चुन्यावर उभा केला. साहेबांनी वाचला, पुन्हा वाचला, बुकात बेरीज मांडली.

“तुझा आकडा सांग.”

मी पाठच होता तो सांगितला.

साहेबांनी बुक माझ्यासमोर धरलं. फरक फुटाच्या एका शतांशाचा, म्हणजे नखाएवढाही नाही. मग त्यांनी ओट्यावरच्या खाचेत लोखंडी बेंच बसवला. गोदामायने त्याआधी त्यांना हात धुवायला लावले. साहेबांनी निमूट धुतले. तिथला आकडा माझ्यापेक्षा बरोबर सव्वादोन फूट जास्त निघाला. गावकऱ्यांनी बेंचोबाला सव्वादोन फूट वर चढवलं होतं आणि छोटे साहेब त्याला जमिनीवरचा समजून पुढे निघून गेले होते.

छोट्या साहेबांनी टोपी काढली, या वेळी घामासाठी नाही. माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. गावाने हे पाहिलं आणि काही न कळता “बेंचोबा की जय” म्हणून आरोळी ठोकली. मीही ठोकली. कोणाच्या बापाची भीती होती?

पाटलांनी आम्हाला वाड्यावर नेऊन भाकरी, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार असं जेवू घातलं. जेवताना त्यांनी विचारलं, “बाबू, खरं सांगा, हा दगड हाये तरी काय?” मी पाट, ताट आणि पळी घेऊन बेंच काय, मार्क काय, सगळं समजावलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मंजे सगळे ह्याच्यापासून मोजतेत, आन ह्याले कोनी मोजत नाई. मंग देवच झाला की!” मी पळी खाली ठेवली आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

गाव सोडण्याआधी मी नवा सात नंबर विहिरीच्या काठच्या पक्क्या दगडी बांधकामात कोरला. या वेळी पाटील, गोदामाय आणि जमलेल्या सगळ्यांना बोलावून खाच कशासाठी आहे ते सांगितलं, आणि मगच निघालो.

अकोल्याला छोट्या साहेबांनी स्वतः मोठ्या साहेबांपुढे बुक ठेवलं. मोठ्या साहेबांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. “म्हणजे काम पुन्हा करायला नको?”

“नको, सर. सात नंबरपुढच्या माझ्या प्रत्येक आकड्यात सव्वादोन फूट मिळवायचे. एका दुपारचं काम.”

“बडनेऱ्याला?”

“जुळतं.”

मोठे साहेब खुर्चीत मागे टेकले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “बालापूर,” (माझं नाव त्यांना कधी उच्चारता आलं नाही, ते मला गावाच्या नावाने हाक मारत) “सोमवारी साखळी धरायची नाही. बडनेऱ्याहून अमरावतीच्या फाट्याचं लेव्हल तू घ्यायचं. दुर्बीण तुझी, टोळी तुझी.” पुढची सतरा वर्षं दुर्बीण माझ्या हातून सुटली नाही. माझ्यामागून त्या ऑफिसात आणखी पाच नेटिव्ह लेव्हलर आले, आणि त्यांतल्या तिघांना मीच शिकवलं.

आता म्हातारपणी हा शब्द मी भलत्याच ठिकाणी ऐकतो. अमरावतीच्या, कापूस दाबायच्या प्रेसमधला एक साहेब परवा कापसाची एक गाठ दाखवून म्हणाला, “हा आमचा बेंचमार्क, बाकीच्या गाठी याच्याशी ताडून बघायच्या.” ना तिथे खाच, ना लोखंड, ना स्टाफ. शब्द आपली जागा सोडून वर चढून बसलाय. पण अर्थ धरून आहे, म्हणून मी तक्रार करत नाही.

त्या प्रकरणानंतर ऑफिसने लेव्हल-बुकाच्या छापील फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला. बेंचमार्कचा नंबर, उंची, जागा, आणि त्यापुढे नवीन: “गावचे लोक या खुणेला काय समजतात.” हेडक्लार्क खूप हसले. मी तो रकाना कधी रिकामा ठेवला नाही. पहिल्याच वर्षी मला त्यात दोनदा “काही नाही,” एकदा “गुरं बांधायचा खुंटा,” आणि चारदा “देव” असं लिहावं लागलं. आणि ज्या सात ठिकाणी मी तेव्हा हे विचारायला थांबलो, त्या सातही ठिकाणी माझा आकडा अजून बरोबर आहे.